चरबी काढावी, श्रेय ठेवावं

आधी पात्रता तपासून घेऊ. तुमचं वजन वीस-पंचवीस किलो जास्त असेल, जिना चढताना धाप लागत असेल, डॉक्टरांनी साखरेची गोळी लिहून दिली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पान उलटा, पुढे बहुधा पाककृती असतील. लायपोसक्शन म्हणजे जाड माणसाला बारीक करण्याचं ऑपरेशन, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नीट शिकलेला कुठलाही प्लास्टिक सर्जन सांगेल की याला उत्तम उमेदवार म्हणजे ज्याचं वजन जवळजवळ बरोबर आहे, जो नियमित व्यायाम करतो आणि ज्याची कातडी घट्ट आहे असा माणूस. थोडक्यात, ज्याचं त्यावाचून काही अडलेलं नाही असा. तुम्ही आठवड्यातले सहा दिवस जिमला जाता, उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक कुत्र्याला घालता, आणि तरीही कमरेच्या दोन्ही बाजूंना चिमटीत मावेल एवढं काहीतरी उरलंय? या, बसा. आपलं जमेल.

१. शत्रू हेरा

घरच्या बाथरूममध्ये, ट्यूबलाइटखाली, अंघोळीआधी उभे राहा. जिममधल्या आरशावर विसंबू नका. तिथले दिवे नेमके डोक्यावर लावलेले असतात, त्यामुळे प्रत्येक स्नायूखाली सावली पडते आणि ट्रेडमिलवरून उतरलेला बँकेतला क्लार्कसुद्धा मुंबई-श्री दिसतो. घरची ट्यूब प्रामाणिक असते. आता पोट आत न ओढता कमरेवर चिमटा काढा. हाताला जे लागलं ते हट्टी. पुरुषांचं ते बेंबीखाली आणि कमरेच्या कडेला असतं, बायकांचं मांड्या आणि नितंबांवर.

ही चरबी खरोखरच हट्टी असते, यात तुमची काही चूक नाही. तिथल्या पेशींवर अल्फा-२ नावाचे रिसेप्टर जास्त असतात आणि त्यांचं कामच मुळी चरबी सुटू न देण्याचं. शरीर ती अडीअडचणीसाठी राखून ठेवतं. तुमची अडचण म्हणजे पुढच्या महिन्यातली गोव्याची ट्रिप आहे, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

एकदा जागा सापडली की दिवसातून आठ-दहा वेळा चाचपत चला. लिफ्टमध्ये, सिग्नलला, मीटिंगमध्ये टेबलाखाली. चाचपल्याने ती कमी होत नाही, पण तिचा राग ताजा राहतो, आणि पुढच्या सगळ्या खर्चाला तो राग लागणार आहे.

२. साक्षीदार जमवा

ऑपरेशनच्या आधी निदान वर्षभर जिम केलेली असावी. शरीरासाठी नव्हे, साक्षीदारांसाठी. उद्या पोट सपाट झाल्यावर ‘रोज सकाळी सहाला यायचे हो’ असं सांगणारा वॉचमन, टॉवेल विसरणाऱ्यांना टोकणारी रिसेप्शनवरची मुलगी, तुमच्याच शेजारी डंबेल आपटणारा तो दाढीवाला, ही सगळी मंडळी आधी तयार हवीत. पोटाची चरबी घालवायला पोटाचेच व्यायाम करा. एखादा भाग हलवला म्हणून त्याच भागाची चरबी जात नाही, हे तुमच्या ट्रेनरलाही ठाऊक असतं. पण तुम्ही दोनशे क्रंचेस मारत असताना त्याला निवांत फोन बघता येतो, तेव्हा तो बोलत नाही.

सरकारनेही इथे तुमची सोय पाहिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर मात्र १८ टक्केच आहे. म्हणजे साक्षीदार स्वस्त झाले, मुद्देमाल तेवढाच महाग राहिला.

घरातल्या वडीलधाऱ्यांपासून जरा जपून. आजोबा असतील तर सूर्यनमस्कार सुचवतील आणि वर औंधच्या पंतप्रतिनिधींची गोष्ट सांगतील, ज्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले. ऐकून घ्या. पण मनात लक्षात ठेवा की त्या काळात माणसाच्या अंगात सदरा असायचा आणि सदऱ्याखाली काय चाललंय याची चौकशी करणं असभ्य समजलं जायचं. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांच्या पोटावर किती पॅक होते, हे कुणी मोजलं नाही. आपल्याकडे मोजणी खरी सुरू झाली ती २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’ला शाहरुखने सहा दाखवले तेव्हा. पुढच्याच वर्षी ‘गजनी’त आमिरने आठ दाखवले आणि मग गल्लोगल्लीच्या जिममध्ये भाव फुटला.

३. एक फोटो बघू नका

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. एक जण मॅरेथॉन धावणारा. दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत लिफ्ट गाठणं, असं त्यांनीच तिथे लिहून ठेवलंय. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी आपल्या लोकांची ही ठेवण जगापुढे मांडायला याज्ञिकांनी स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं.

यात तुमच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट अशी की खरी घातक चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या आसपास बसलेली असते. लायपोसक्शनची नळी तिथे जात नाही. गेलीच तर ती दुर्घटना असते आणि तिच्यासाठी वेगळा सर्जन बोलवावा लागतो. नळी फिरते ती कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या थरात, म्हणजे तुलनेने गरीब, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या चरबीत. त्याच २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढून पाहिली. रक्तदाब, रक्तातली साखर, इन्सुलिनला मिळणारी दाद, यातलं काहीही सुधारलं नाही.

हे वाचून खचून जाऊ नका. तुम्हाला रिपोर्ट दाखवायचा नाहीये, पोट दाखवायचंय. साखर फोटोत येत नाही.

४. तंत्र निवडा

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कन्सल्टेशनच्या वेळी छाप पडते. १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या शार्ल दुजारिए या सर्जनने एका नर्तकीच्या पायावरची चरबी खरवडून काढायला घेतली. शेवटी पायच कापावा लागला. पुढची पन्नासेक वर्षं या विषयात कुणी फारसा उत्साह दाखवला नाही. सत्तरच्या दशकात रोमच्या फिशर बापलेकांनी चरबी ओढून काढणारं यंत्र केलं, १९७७ च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. इलूझ यांनी बोथट नळी वापरली, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी सलाइनमध्ये भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळून चरबी आधी टम्म फुगवून घ्यायची युक्ती काढली. त्याने रक्त जाणं एकदम कमी झालं. तुमचं धाडस जे आहे ते या खारट पाण्याच्या भरवशावर आहे.

पण तुम्ही फिटनेसवाले. तुम्हाला नुसतं सपाट पोट नको असणार. तुम्हाला खाचा हव्यात. त्याचीही सोय ह्यूस्टनच्या डॉ. हेन्री मेंट्झ यांनी १९९३ मध्येच करून ठेवली, आणि पुढे बोगोटाच्या डॉ. अल्फ्रेडो ओयोस यांनी अल्ट्रासाउंडने चरबी सैल करून ती कोरण्याचं काम फारच बारकाईवर नेलं. आता यातली गंमत नीट समजून घ्या, कारण ब्रोशरमध्ये ती चकचकीत कागदामागे दडलेली असते. खाच जिथे हवी तिथली चरबी खोलवर काढतात, आणि खाचांच्या मधली थोडी मुद्दाम ठेवतात. म्हणजे बीचवर शर्ट काढल्यावर लोक ज्याच्याकडे बघत राहतील त्या उंचवट्यात खालच्या स्नायूबरोबर वरच्या चरबीचाही वाटा असतो. चरबीचा हट्ट मोडायला निघालेला माणूस चरबीलाच पुढच्या रांगेत बसवून येतो. आणि पुढे कधी वजन वाढलं तर उंचवटे फुगतात, खाचा आपल्या जागी राहतात, आणि पोट लादीपावासारखं दिसायला लागतं.

नळीची भीती वाटत असेल तर चरबी बाहेरून गोठवून मारण्याचा मार्ग आहे. भूल नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत उरकतं. क्वचित एखाद्याची चरबी मात्र गोठून मरण्याऐवजी चिडते आणि तेवढीच जागा घट्ट होऊन वाढते. लिंडा इव्हान्जेलिस्टा या एकेकाळच्या अव्वल मॉडेलने २०२१ मध्ये आपल्याबाबत हेच झाल्याचं जाहीर सांगितलं. ती कोर्टात गेली. तुम्ही जेवायला जा.

५. छातीचं काय

इथे थट्टा जरा आवरती घेऊ. वयात येताना मुलांच्या छातीत गाठ धरणं अगदी सर्रास आहे आणि बहुतेकांची ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. ज्यांची बसत नाही ती मुलं पोहायला जात नाहीत, पावसात भिजायला घाबरतात, खांदे पुढे पाडून चालतात, मे महिन्यातही टी-शर्टवर शर्ट घालतात. ती ग्रंथी असते, चरबी नव्हे. बेंच प्रेसने ती जात नाही, उलट खालचा स्नायू वाढला की आणखी पुढे येते. त्यांनी चांगला सर्जन गाठावा, ऑपरेशन करून घ्यावं आणि हा लेख फेकून द्यावा.

आता उरलेल्यांकडे वळू. तुम्ही भरदार छातीसाठी ‘कोर्स’ केला. जिममधल्याच कुणीतरी काउंटरखालून आणून दिलेलं टेस्टोस्टेरॉन टोचून घेतलं. अंगात जास्तीचं झालेलं ते शरीराने इस्ट्रोजेनमध्ये बदललं, आणि छाती भरली खरी, पण वेगळीच. घाबरू नका. ज्याने इंजेक्शन दिलं त्याच्याकडेच सर्जनचाही नंबर असतो.

६. डॉक्टर

फॉलोअर मोजा. ज्याच्या व्हिडिओला गाणं चांगलं आहे तो निवडा. नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर हजर राहणार का, काही बिनसलं तर आयसीयू त्याच इमारतीत आहे की ट्रॅफिकच्या पलीकडे, असले प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नका. दिवाळी ऑफर आहे का ते विचारा. दोन्ही बाजूंच्या कमरेवर हनुवटी फुकट मिळते का ते बघा. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. चार दिवस चर्चा झाली, मग लोक पुन्हा रील बघायला लागले. तुम्हीही बघा.

७. पैसे

मेडिक्लेम मिळणार नाही, हे सौंदर्याचं काम आहे. ईएमआय मिळेल. पोट गेल्यावरही हप्ता राहतो, त्याला कसलाही व्यायाम नाही.

८. गायब होण्याची सबब

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सर्जन यात काडीची मदत करत नाही. ऑफिसला आठवडाभर तरी, जिमला तीन-चार आठवडे तुम्ही दिसणार नाही. परत याल तेव्हा वाकून चालाल. काय सांगाल?

नवशिके हर्निया सांगतात आणि फसतात. हर्निया झालेला माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलायला त्याला आजवर कुणी मिळालेलं नसतं. संध्याकाळी बेल वाजेल. दुसऱ्या मजल्यावरचे काका मोसंब्यांची पिशवी घेऊन उभे असतील.

‘डावा की उजवा?’

‘अं... उजवा, काका.’

‘दुर्बिणीतून की उघडून? जाळी टाकली का? कुठली टाकली? मला डॉक्टर म्हणाले, इम्पोर्टेड टाकू. म्हटलं, टाका, आता पेन्शनीत आणखी काय करायचंय. बघू तुझे टाके.’ आणि काका स्वतःच्या लेंग्याच्या नाडीला हात घालतील, तुलनेसाठी.

अपेंडिक्सचंही तेच. डेंगी सांगितलात तर महापालिकेची माणसं येऊन तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतील आणि तुम्ही बिल्डिंगमधून उठाल. ‘गावी गेलो होतो’ चालत नाही, कारण गावाहून माणूस बारीक होऊन येत नाही.

विपश्यना सांगा. इगतपुरी, धम्मगिरी, दहा दिवसांचं शिबिर. तिथे फोन जमा करून घेतात, तेव्हा तुम्ही का उचलला नाही हा प्रश्नच उरत नाही. शिबिरात मौन असतं, तेव्हा तिथे तुम्हाला कुणी भेटलं कसं नाही, हेही सुटलं. नव्या साधकाला संध्याकाळी जेवण नसतं, चहा आणि फळं. पोट आत गेल्याचं निम्मं स्पष्टीकरण इथेच झालं. आणि रोज दहा-दहा तास मांडी घालून बसलेला माणूस घरी येताना वाकून येणारच. बसताना ‘आई गं’ असं तोंडून निघालं आणि डोळ्यांत पाणी आलं, तर लोक त्याला आतून झालेला बदल समजतील आणि आदराने पाण्याचा ग्लास पुढे करतील. कुणी फारच खोदून विचारलं तर डोळे मिटा आणि म्हणा, ‘सगळं अनित्य आहे.’ पोटाच्या बाबतीत ते खरंही आहे.

घरात मात्र आईला खरं सांगावंच लागतं. तू आणि दहा दिवस गप्प? असं म्हणून ती पहिल्याच वाक्याला उडवून लावते.

९. त्या दिवशी

उपाशीपोटी जा. तिथे कागदाची चड्डी देतील, ती घालून उभे राहा. सर्जन स्टुलावर बसून आपले डोळे तुमच्या पोटाच्या पातळीला आणील आणि जांभळ्या मार्करने रेघा ओढायला लागेल. जिथून काढायचं तिथे एकात एक वर्तुळं, जिथे हात लावायचा नाही तिथे तिरप्या रेघा. हे उभ्यानेच करतात, कारण आडवं झालं की चरबी कुशीला सरकते. एसी बोचरा असतो, मार्कर गार असतो, मागे एक सिस्टर ट्रे घेऊन उभी असते आणि तुमच्याकडे बघायचं टाळते. या क्षणी पोट आत ओढण्याची अनावर इच्छा होईल. ओढू नका. पंधरा वर्षांची सवय आहे, समजतं, पण ओढलंत तर रेघा चुकतील आणि तुम्ही कायमचे श्वास रोखून धरल्यासारखे दिसाल.

बाकी तुम्हाला काही आठवणार नाही. सर्जन मात्र स्वयंपाकघरात चिकटलेलं भांडं घासतात तितक्या जोराने नळी मागेपुढे करत असतो, आणि त्या खोलीत त्या दिवशी खरा व्यायाम कुणाचा होत असेल तर त्याचा. बरणीत वर पिवळी चरबी तरंगते, खाली गुलाबी पाणी बसतं. चरबी, पाणी, रक्त असं सगळं मिळून एका बैठकीत पाच लिटरच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ‘आलोच आहे तर सात काढा ना’ असं म्हणून बघा. जो हो म्हणेल त्याच्या टेबलावरून उठून या, कागदाच्या चड्डीत आलात तरी चालेल.

१०. पट्टा आणि लाडू

ऑपरेशननंतर एक घट्ट कपडा देतात. छातीपासून मांड्यांपर्यंत, बाजूला हुकांची रांग, हुकांवर चेन, आणि मधे नैसर्गिक विधींसाठी एक भोक, ज्याची जागा शिवणाऱ्याने अंदाजपंचे ठरवलेली असते. चार ते सहा आठवडे, दिवसरात्र. घालायला दोन माणसं लागतात, त्यातलं एक तुम्ही धरू नका. पहिले एक-दोन दिवस बारीक छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत राहतं. गादीवर प्लास्टिक अंथरा, त्यावर ज्या चादरीचं कुणाला प्रेम नाही ती चादर. वजनकाट्याकडे फिरकू नका. अंगात पाणी आणि सूज असते, त्यामुळे चरबी काढून घेतलेल्या माणसाचं वजन पहिल्या आठवड्यात चक्क वाढलेलं दिसू शकतं. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. तेवढे दिवस पोट जागोजागी कडक लागतं, हाताखाली बधिर लागतं, आणि तुमचं आहे असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आई डबा घेऊन येईल. तिच्या हिशेबी ऑपरेशन म्हणजे ऑपरेशन.

‘आई, हे काय?’

‘डिंकाचे लाडू. टाके भरून यायला नकोत?’

‘यात तूप किती घातलंयस?’

‘लागतं तेवढंच.’ मग ती पलंगाच्या कडेला बसून तुम्हाला खालीवर न्याहाळील. ‘बावीस वर्षं मी जे घालत आले ते तू दोन लाख देऊन काढून टाकलंस होय रे?’

उत्तर देऊ नका. लाडू खा.

११. श्रेय

महिन्याभराने जिममध्ये जाल तेव्हा घोळका जमेल. ‘काय केलंस रे?’ इथे पुष्कळ जण खोटं बोलतात आणि पुढे गोत्यात येतात. खोटं बोलायची गरजच नसते. पुढची वाक्यं पाठ करा.

‘सोपं नव्हतं, पण सोसलं.’

‘योग्य माणसाच्या हाती स्वतःला सोपवलं.’

‘जे नको होतं ते आतून काढून टाकलं.’

‘रोज सकाळी उठून जखडून घ्यावं लागतं स्वतःला.’

शब्द न् शब्द खरा आहे. कुणी डाएट विचारलं तर ‘बाहेरचं पूर्ण बंद’ म्हणा. तुम्ही पलंगावरून उठू शकत नव्हता, तेव्हा तेही खरंच.

यानंतरची पायरी आपोआप येते. एक जण विचारेल, मलाही सांग ना. मग दुसरा. तुम्ही ‘नव्वद दिवसांत सपाट पोट’ असा ऑनलाइन वर्ग काढा. आधीचा फोटो पोट सोडून, खांदे पाडून, घरच्या ट्यूबखाली काढलेला. नंतरचा जिमच्या दिव्याखाली, थोडं तेल लावून. विद्यार्थ्यांना क्रंचेस सांगा, साखर सोडायला सांगा, रात्री सातनंतर तोंडाला कुलूप लावायला सांगा. नव्वद दिवसांनी ज्याचं पोट तिथेच असेल त्याला शांतपणे म्हणा की तुझी शिस्त कमी पडली.

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? तुमचा ट्रेनर तुम्हाला वर्षभर हेच सांगत होता. आता एकदा त्याने घाम पुसायला टी-शर्ट वर केला की नीट बघा. बेंबीच्या कडेला आत, आणि दोन्ही जांघांच्या जरा वर, डाळीच्या दाण्याएवढे फिकट डाग. तुम्हाला ते लगेच ओळखू येतील, कारण तुमच्याही अंगावर नेमके तिथेच आहेत. तो तुमच्याकडे बघेल, तुम्ही त्याच्याकडे. दोघांपैकी कुणीच काही बोलायचं नाही. हा धंद्याचा शिष्टाचार आहे.

१२. पुढचं वर्ष

काढलेली चरबी परत येत नाही, असं सर्जन सांगेल. ती परत येत नाही, तिची माणसं येतात. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाने २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात, मांड्यांवरची चरबी काढून घेतलेल्या बायकांच्या अंगात वर्षभराने एकूण चरबी पुन्हा पहिल्याइतकीच झाली होती. मांड्यांवर नव्हती, पोटावर आणि वरच्या अंगावर होती. तुलनेसाठी काही बायकांना ऑपरेशनवाचून ठेवलं होतं. हा निकाल त्यांना सांगितला, आणि आता तुम्हाला हवं असेल तर स्वस्तात करून देऊ म्हटलं. निम्म्याहून जास्त जणी हो म्हणाल्या. या बायकांना माझा नमस्कार. असे विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

साओ पावलोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी एक पाहिलं. लायपोनंतर ज्या बायकांनी व्यायाम केला नाही, त्यांच्या पोटाच्या आतली, म्हणजे ती लिफ्टच्या दारापाशी भेटलेली घातक चरबी, सुमारे १० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी व्यायाम केला त्यांची वाढली नाही. तेव्हा आता मात्र जिम खरोखरच लावावी लागेल, साक्षीदार असोत वा नसोत.

तरी पुढच्या गणपतीच्या सुमाराला शर्टाच्या बाहीत दंड घट्ट लागेल आणि काखेजवळ काहीतरी चिमटीत येईल. सर्जन दंडही करतो. पण यंदा विपश्यना सांगू नका. मागच्या वर्षीचं ऐकून ऑफिसातले दोघं खरंच जाऊन आलेत आणि आता त्यांना तुमच्याशी सविस्तर बोलायचंय. यंदा केरळातलं पंचकर्म सांगा. येताना केळ्याचे वेफर्स आणायला मात्र विसरू नका. माटुंग्याला मिळतात.